कारखान्याचा आखडता हात

दहा-पंधरा वर्षे वापरलेली हॉट हॅच हाती आली की नव्या मालकाची यादी लगेच तयार होते. इंजिनाचा संगणक रीमॅप करायचा, सायलेन्सर बदलायचा, मोठे ब्रेक बसवायचे, गाडी दोन बोटे खाली घ्यायची. या यादीवर पैसे घालावेत का, याचे उत्तर बहुतेक वेळा अश्वशक्तीत दिले जाते: इतका खर्च, इतकी वाढ, एका अश्वशक्तीला अमुक रुपये. हिशेब सोपा आहे, आणि म्हणूनच फसवा. या छोट्या, चपळ, दिसायला घरगुती गाड्यांचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला की दुसराच निकष हाती लागतो. कर, विमा किंवा स्वतःच्याच महागड्या मॉडेलची विक्री सांभाळण्यासाठी कारखान्याने जिथे हात आखडता घेतला होता, तिथे सुधारणा कामी आली. जिथे तो धातूच्या, तेलाच्या किंवा उष्णतेच्या मर्यादेमुळे आखडला होता, तिथे वाढवलेल्या ताकदीचे बिल पुढच्या वर्षी दुरुस्तीच्या रूपाने आले. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी विचारायला हवे ते एवढेच: कारखाना इथवर येऊन थांबला तो कशामुळे?

वंशावळ सुरू होते ती मिनीपासून. मिनीला मागे वर उघडणारे दार नव्हते, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ती हॅचबॅक नव्हेच. पण स्वस्त घरगुती गाडीतून शर्यतीची गाडी काढण्याचा धंदा तिनेच घरोघरी पोहोचवला. १९५९ साली ती ८४८ सीसीचे आणि ३४ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन आली. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांना तिच्या चाकांत आणि वळणांवरच्या पकडीत बरेच काही शिल्लक दिसले. गाडीचे जनक अॅलेक इसिगोनिस फारसे राजी नव्हते, तरी १९६१ साली मिनी कूपर निघाली: ९९७ सीसी, दोन कार्ब्युरेटर, ५५ अश्वशक्ती आणि पुढच्या चाकांना सात इंची डिस्क ब्रेक. ते ब्रेक नावापुरतेच होते, आणि पिस्टनची धाव लांब असल्याने इंजिनाला फार फिरायला आवडत नसे. १९६३ साली कूपर एस आली तेव्हा कारखान्याने नुसती ताकद वाढवली नाही. क्रँकशाफ्ट नायट्रायडिंग केलेल्या अधिक कणखर पोलादाचा केला, त्याची मुख्य बेअरिंगे जाड केली, ब्रेक मोठे करून त्यांना सर्व्हो दिला. ७० अश्वशक्ती या सगळ्यानंतर आली. म्हणजे साध्या कूपरला ७० पर्यंत ओढू पाहणाऱ्या खासगी मालकाला काय काय बदलावे लागेल, याची यादी कारखान्यानेच छापून दिल्यासारखी होती. ती यादी न वाचता केवळ हेड घासून आणि कार्ब्युरेटर मोठे करून भागवणाऱ्यांचे क्रँकशाफ्ट तुटत.

त्याच काळात विल्टशरमधल्या डाउंटन या गावी डॅनियल रिचमंड यांनी मिनीची सिलिंडर हेड घासूनपुसून देण्याचा उद्योग इतक्या नजाकतीने उभारला, की मिनी बनवणाऱ्या खुद्द बीएमसी कंपनीनेही त्यांचा सल्ला घेतला. कंपनीने अॅबिंग्डनला स्वतःचा 'स्पेशल ट्यूनिंग' विभाग काढून सुट्या भागांचे संच विकायला सुरुवात केली. इटलीत कार्लो अबार्थ यांनी हेच आणखी आधी आणि आणखी धंदेवाईकपणे केले होते. फियाट ५०० चे १८ अश्वशक्तीचे इंजिन १९६३ च्या अबार्थ ५९५ मध्ये २७ वर पोहोचले, आणि ज्यांना तयार गाडी परवडत नसे त्यांच्यासाठी रूपांतराचा संच खोक्यात भरून मिळू लागला. फियाटने आपली गाडी मुद्दाम गरीब ठेवली होती, कारण तिला स्कूटरच्या गिऱ्हाइकाला चारचाकीत आणायचे होते. तिथे हात आखडता होता तो किमतीसाठी, धातूसाठी नव्हे, आणि अबार्थनी नेमकी हीच फट ओळखली. पण उष्णतेची हद्द त्यांनाही चुकली नाही. त्यांच्या शर्यतीच्या ६०० च्या वंशातल्या गाड्या मागचे झाकण उघडे ठेवून धावत, ते इंजिनाला वारा मिळावा म्हणून. झाकण तसेच उघडे राहिल्याने मागच्या हवेचा प्रवाहही सुधारतो म्हणतात, तो नफा वरकड.

१९७५ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय दिसली आणि गॅरेजमधला धंदा कारखान्याने गिळला. फोक्सवॅगनमधल्या काही अभियंत्यांनी वरिष्ठांच्या नजरेआड सुरू केलेला हा प्रकल्प होता. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. १५८८ सीसी, ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोंच्या थोडे वर, वेग ताशी १८२ किलोमीटर. यात महत्त्वाचे हे की इंजेक्शनचे इंजिन, बेताने खाली घेतलेले सस्पेन्शन, रुंद चाके, हवा खेळवलेले पुढचे डिस्क ब्रेक हे सगळे एकाच वेळी, एकमेकांना जुळवून आले होते. मालकाने सुटे सुटे जमवले असते तर तो मेळ बसता ना. तरी शिल्लक होतीच. ओटिंगर या जर्मन कंपनीने त्याच इंजिनाला सोळा व्हॉल्व्हचे हेड बसवून १३६ अश्वशक्ती काढली आणि १९८१ मध्ये ती गाडी फ्रान्समध्ये फोक्सवॅगनच्याच विक्रेत्यांमार्फत विकली गेली. जर्मनीत बदल केलेली गाडी तपासून कागदांवर नोंदवून घ्यावी लागते, नाही तर तिचा परवानाच संपुष्टात येतो. या नियमाला तिथले तरुण आजही शिव्या घालतात, पण त्याच नियमामुळे तिथे जबाबदार ट्यूनिंग हा प्रतिष्ठेचा उद्योग झाला, हे मान्य करावे लागेल.

याच गाडीने ब्रिटनमध्ये वेगळा धडा दिला. उजव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी गाडी उलटी करताना ब्रेकचा सर्व्हो डावीकडेच राहिला, आणि पेडलचा दाब आडव्या दांडीच्या जोडणीतून पलीकडे पोहोचवला गेला. परिणामी ब्रेकचे पेडल स्पंजासारखे लागे आणि गाडी वेळेवर थांबेल याचा भरवसा वाटत नसे. इथे कारखान्याने हात आखडला तो निव्वळ काटकसरीसाठी. म्हणून जुन्या ब्रिटिश गोल्फ जीटीआयवर ब्रेकसाठी घातलेला पैसा हा या इतिहासातला सर्वांत निर्विवाद खर्च म्हणावा लागेल. त्याने गाडीचा वेग वाढला नाही, पण असलेला वेग वापरता येऊ लागला. अमेरिकेत उलट प्रकार झाला. पेनसिल्व्हेनियात बनलेली १९८३ ची जीटीआय मोठ्या, १.८ लिटर इंजिनातूनही ९० अश्वशक्तीच देत होती, त्याच वेळी युरोपातली ११२ देत होती. फरक प्रामुख्याने प्रदूषणाच्या नियमांचा. युरोपातले भाग मागवून तो भरून काढणारा एक छोटा बाजारच तिथे उभा राहिला. धातूची हरकत नव्हती, पण कायद्याची होती. आणि हा तिसरा प्रकार निकषात वेगळा धरायला हवा. यंत्र सोसते म्हणून हवाही सोसते, असे होत नाही.

ऐंशीच्या दशकातल्या दोन फ्रेंच गाड्या शेजारी ठेवल्या की बाजाराची मर्यादा आणि धातूची मर्यादा यांतला फरक इतका स्वच्छ दिसतो की दुसरा पुरावा शोधू नये. प्यूजो २०५ जीटीआय १९८४ मध्ये १.६ लिटर आणि १०५ अश्वशक्तीची आली, पुढे ११५ ची झाली, आणि मग १.९ लिटरची १३० अश्वशक्तीची आवृत्ती निघाली. मोठ्या आवृत्तीला मागेही डिस्क ब्रेक आणि पंधरा इंची चाके होती, धाकटीला मागे ड्रम आणि चौदा इंची. त्याच कंपनीच्या ४०५ एमआय १६ या मोठ्या गाडीत याच घराण्यातले, अॅल्युमिनियम ब्लॉकचे, सोळा व्हॉल्व्हचे १६० अश्वशक्तीचे इंजिन होते. ते २०५ च्या बॉनेटखाली फारशी तोडफोड न करता बसते, हे मालकांना लवकरच कळले. कंपनीलाही माहीत असणारच, कारण २०५ च्याच तळावर उभ्या असलेल्या ३०९ मध्ये तिने ते स्वतः बसवून युरोपात विकले. २०५ ला ते कधी मिळाले नाही. गाडीला ते पेलले नसते म्हणून नव्हे, हे ३०९ ने सिद्ध केले होते. त्यामुळे भंगारात निघालेल्या ४०५ चे इंजिन काढून २०५ मध्ये घालणे हा पुढची वीस वर्षे ब्रिटन-फ्रान्समधल्या गॅरेजांचा सर्वांत समजूतदार उद्योग ठरला. त्यातही एक अट होती: लांब वळणावर तेल एका बाजूला सरकून पंप कोरडा पडे, तेव्हा इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या सम्पमध्ये आडोसे घालणे आले. तो खर्च टाळणाऱ्यांना बेअरिंगे बदलण्याचा खर्च करावा लागला.

दुसरी गाडी रेनॉ ५ जीटी टर्बो. १९८५ ची, १३९७ सीसी, ११५ अश्वशक्ती, वजनाला पिसासारखी. तिचे इंजिन मात्र साठच्या दशकातल्या ओतीव लोखंडी, पुशरॉडच्या घराण्यातले, आणि टर्बोने दाबलेली हवा इंजेक्शनऐवजी कार्ब्युरेटरमधून जात होती. गरम गाडी बंद केली की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळे आणि ती पुन्हा चालू व्हायला नखरे करी. १९८७ मध्ये कंपनीने टर्बोला पाण्याने थंड करण्याची सोय केली, तेव्हा कुठे वाढ झाली ती पाच अश्वशक्तीची. एवढी खटपट करून कारखान्याला फक्त पाच मिळतात, यातच उत्तर आहे. पण गाडीला टर्बो आहे म्हटल्यावर दाब वाढवण्याची एक छोटी झडप अगदी स्वस्तात मिळे, आणि ती बसवली की पिकअप थक्क करणारा. हवा वाढली, पेट्रोल त्या प्रमाणात वाढले नाही, मिश्रण विरळ झाले, आणि हेड गॅस्केट उडाले किंवा पिस्टन वितळले. एका अश्वशक्तीला लागणाऱ्या पैशांचा हिशेब केला तर ही झडप त्या काळातली सर्वांत फायदेशीर सुधारणा ठरते. तो हिशेब किती निरुपयोगी आहे, याचा याहून चांगला दाखला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये या गाड्यांवर विम्याचे संकट आले. हॉट हॅच चोरून रस्त्यावर उधळण्याचे प्रकार इतके वाढले की १९९२ मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला. विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले, नव्या गाड्यांची विक्री कोसळली, आणि कालच्या हव्याहव्याशा गाड्या जुन्या बाजारात मातीमोल झाल्या. मग त्या ज्यांच्या हाती पडल्या त्यांना गाडीपेक्षा तिचा देखावा महत्त्वाचा होता. १९९३ मध्ये निघालेल्या 'मॅक्स पॉवर' मासिकाची सगळी दुनिया याच गाड्यांवर उभी होती: फायबरचे रुंद बंपर, डिकीभर स्पीकर, डब्याएवढा सायलेन्सर. त्या पिढीच्या अभिरुचीची थट्टा करणे सोपे आहे. पण आज शाबूत, कारखान्यातून निघाली तशी राहिलेली २०५ किंवा फोर्डची एस्कॉर्ट आरएस टर्बो इतकी महाग का, याचे एक कारण हेच की उरलेल्या गाड्या त्यांनी कापल्या.

पुढे इंजिनावर संगणक आला आणि कारखान्याचा आखडता हात प्रथमच आकड्यांत वाचता येऊ लागला. फोक्सवॅगन समूहाचे १.८ लिटरचे वीस व्हॉल्व्हचे टर्बो इंजिन हे त्याचे उत्तम उदाहरण. चौथ्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये ते १५० अश्वशक्ती देई, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १८०, ऑडी टीटीमध्ये २२५. १५० आणि १८० मधला फरक बराचसा सॉफ्टवेअरचा होता. २२५ साठी मात्र मोठा टर्बो आणि दोन इंटरकूलर लागले. पहिली पायरी बाजाराने ठरवलेली, दुसरी यंत्राने. जुन्या १५० च्या गोल्फचे रीमॅप करून १९० च्या आसपास जाणारे मालक बहुधा सुखी राहिले, आणि त्याच टर्बोतून २२५ पिळू पाहणाऱ्यांना नवा टर्बो घ्यावा लागला. फोर्डने तर हा आखडता हात उघडपणे विकला: १८२ अश्वशक्तीची फिएस्टा एसटी घ्या, माउंट्यून या ट्यूनिंग कंपनीचा संच अधिकृत विक्रेत्याकडून बसवा, २१५ मिळतील आणि वॉरंटीही शाबूत राहील. याच्या उलट टोकाला २००१ ची होंडा सिव्हिक टाइप आर. टर्बो नसलेल्या दोन लिटरमधून २०० अश्वशक्ती, म्हणजे लिटरला शंभर. होंडाच्या अभियंत्यांनी मागे काहीच सोडले नव्हते. तिच्या सायलेन्सरवर आणि रीमॅपवर घातलेला पैसा आवाजात जातो, वेगात फारसा नाही.

'कारखाना कर आणि बाजार पाहून थांबला' हे कळते कसे, असा आक्षेप इथे येईल. कंपन्या असली कारणे जाहीर करत नाहीत हे खरे, पण त्यांच्याच पुढच्या मॉडेलचे सुटे भाग बोलतात. सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये २२० अश्वशक्ती आणि गोल्फ आरमध्ये त्याच घराण्याच्या इंजिनातून ३००. 'निव्वळ सॉफ्टवेअर' म्हणून मालक खूश होतात. पण फोक्सवॅगनने आरसाठी टर्बोबरोबर सिलिंडर हेड, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि पिस्टनही बदलले होते. सुट्या भागांची यादी चाळली की कळते, ३०० ही कारखान्याची दुसरी गाडी आहे. मधल्या कुठल्या तरी आकड्यापर्यंतच जीटीआयमध्ये शिल्लक आहे. कूपर एसच्या क्रँकशाफ्टने १९६३ मध्ये जे सांगितले तेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढी जुळवाजुळव करण्यापेक्षा सरळ वरचे मॉडेल घ्यावे, १.६ ऐवजी १.९, जीटीआयऐवजी आर. इतिहासाचा कल बऱ्याचदा याच बाजूला आहे. ब्रेक, चाके, गिअर यांचा मेळ कारखान्यात बसतो तितका गॅरेजात क्वचितच बसतो, आणि विकताना वरच्या मॉडेलची किंमत टिकते, बसवलेल्या भागांची टिकत नाही. पण जुन्या बाजारात वरच्या मॉडेलची किंमत तिच्या नावाची असते, आणि तीही वापरलेलीच असते. अनेक हातांतून गेलेली, आधीच रीमॅप होऊन पुन्हा मूळ रूपात विकायला काढलेली आर ही सांभाळून वापरलेल्या जीटीआयपेक्षा वाईट खरेदी ठरू शकते. विक्रीत पैसे परत येत नाहीत म्हणून सुधारणा करूच नये, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. पेट्रोलचेही पैसे परत येत नाहीत. काढलेले मूळ भाग जपून ठेवले की तो तोटाही बराच आटोक्यात येतो.

या सगळ्याला एक दुरुस्ती लागते, आणि वापरलेल्या गाडीच्या बाबतीत तीच निर्णायक. कारखान्याने ठेवलेली शिल्लक नव्या गाडीतली असते. लाखभर किलोमीटरनंतर तिचा काही भाग वापरून झालेला असतो: शॉक अॅब्सॉर्बर ढिले, कंट्रोल आर्मचे बुश फाटलेले, क्लच पातळ, टर्बोच्या नळ्या कडक होऊन चिरलेल्या. पाचव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये कॅमशाफ्टवरून इंधनाचा उच्च दाबाचा पंप चालवणारा एक छोटासा टॅपेट असतो; तो बुडापर्यंत घासला की पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही घेऊन जातो. अधिक दाबाचा पंप बसवून रीमॅप केले की तो आणखी लवकर घासतो. भाग किरकोळ किमतीचा, पण तो न तपासता केलेले रीमॅप म्हणजे कूपरच्या क्रँकशाफ्टचीच गोष्ट. म्हणून जुन्या गाडीत पहिला खर्च टायर, बुश, शॉक अॅब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या आणि तेल यांवर व्हायला हवा. यातल्या बऱ्याचशा गोष्टी बदलल्या की मालकांना गाडीत सुधारणा झाल्यासारखे वाटते. खरे तर ती कारखान्यातून निघाली होती तिथे परत गेलेली असते. त्यानंतरही इंजिन हात लावण्याजोगे वाटले, तर तो निर्णय वेगळ्या पायावर उभा राहतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न फोक्सवॅगनच्या चाकणच्या आणि फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यांतून आला. २०१३ ची चाकणची पोलो जीटी टीएसआय १.२ लिटरची होती, कारण चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी म्हणजे तेव्हा कमी अबकारी कर. १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटनमीटर टॉर्क, आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, ज्याची टॉर्क पेलण्याची हद्द २५० ची. करामुळे ठरलेले इंजिन आणि त्याहून थोराड गिअरबॉक्स: मर्यादेत केलेल्या रीमॅपसाठी याहून अनुकूल कुंडली कोणती? फक्त तो गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे, आणि पुण्या-मुंबईच्या गर्दीत रांगत चाललेल्या गाडीचा क्लच १७५ वरच थकलेला असतो. रांजणगावच्या २०१५ च्या अबार्थ पुंटोत १४५ अश्वशक्ती होती. त्याच १३६८ सीसीतून युरोपात १५५ आणि अबार्थच्या संचाने १८० निघत. तो संच गिऱ्हाइकाला लाकडी पेटीतून मिळे, थेट कार्लो अबार्थ यांच्या परंपरेने. इथे ती पेटी आली नाही, आणि येऊनही उपयोग मर्यादितच झाला असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. सीएनजी बसवायला आरटीओची वाट आहे, टर्बो मोठा करायला नाही. जर्मनीसारखी तपासून नोंदवण्याची व्यवस्था नसल्यामुळे इथे झालेले बदल आरसी बुकाबाहेर आणि विमा कंपनीच्या नजरेआड राहतात, आणि अपघातानंतर दाव्याच्या वेळी ते समोर येतात. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. त्यामुळे चाकणची जीटी घेणाऱ्याला आता वापरलेलीच मिळणार, आणि तिच्या संगणकात आधीच्या मालकाने काय लिहून ठेवले आहे हे तपासणे, नवे काही लिहिण्याच्या आधीचे काम आहे.